घरी इन्शुलिन टोचण्याची तयारी व दक्षता
(शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

पाठाचा हेतू : मधुमेही मुलाच्या घरी इन्शुलिन टोचण्याची रीत शिक्षकाला समजावी, तीत चूक कोठे होते हे त्याला ओळखता यावे, आणि घर व शाळा यांच्यामध्ये तो विश्वासाचा दुवा व्हावा. औषधाची मात्रा ठरविणे अथवा बदलणे हे काम डॉक्टरांचे आहे, शिक्षकाचे नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे.

१. प्रस्तावना

वर्गातील एखादे मूल वारंवार पाणी पिण्यासाठी आणि लघवीसाठी रजा मागू लागते. भूक वाढलेली असूनही ते वाळत जाते. पूर्वी अंथरूण कोरडे ठेवणारे मूल पुन्हा अंथरुणात लघवी करू लागल्याचे आई सांगते. अशा वेळी ‘हे मूल कामचुकार झाले’ असा ग्रह करून घेण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या रक्तातील साखर तपासून घेण्यास पालकांना त्याच दिवशी सांगावे. ही लक्षणे बालमधुमेहाची असू शकतात. त्यातच पोटदुखी, ओकाऱ्या आणि खोल, धापेसारखा श्वास दिसू लागला, तर मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावयास हवे.

मुलांत बहुधा आढळणाऱ्या मधुमेहाला ‘प्रकार पहिला’ असे म्हणतात. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तीतील विशिष्ट पेशी इन्शुलिन तयार करतात, आणि या इन्शुलिनच्या योगे रक्तातील साखर शरीराच्या उपयोगी पडते. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच चुकून या पेशींचा नाश करते, तेव्हा हा रोग जडतो. तो गोड खाल्ल्याने होत नाही, एकापासून दुसऱ्याला लागत नाही आणि त्यात आईबापांचा काही दोष नसतो. मोठ्या माणसांच्या मधुमेहावरील गोळ्या येथे इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. इन्शुलिन बाहेरूनच द्यावे लागते, रोज द्यावे लागते. आणि पोटात घेतल्यास ते पचून नष्ट होते, म्हणून ते टोचूनच द्यावे लागते.

कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क त्याच महिन्याच्या २३ तारखेस दिल्यावर मुलाला खरा उतार पडू लागला. त्यापूर्वी असे मूल थोड्याच काळात दगावत असे. आज आपल्या देशातही इन्शुलिन तयार होते. २००३ साली मानवी इन्शुलिन बाजारात आणणाऱ्या वोक्हार्ट या भारतीय कंपनीचे कारखाने आपल्याच छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात उभे राहिले. औषध जवळ आले. ते घरात योग्य रीतीने टोचले जावे, एवढेच आता आपल्या हाती आहे.

२. दोन आकड्यांचा मेळ

शहराच्या गारखेडा भागात पुंडलिकनगर ही दाट वस्ती आहे. खेड्यातील मुलाला उपचारासाठी शहरात न्यावयाचे झाले, की उतरण्याचे ठिकाण बहुधा अशाच वस्तीतील नातलगांचे घर असते. आता अशी कल्पना करू, की पैठण तालुक्यातील एका खेड्यातील पाचवीतल्या मुलीला मधुमेह असल्याचे निदान झाले. रुग्णालयातून सुटल्यावर मायलेकी आठ दिवस पुंडलिकनगरात मामाकडे राहिल्या. आईने तेथे टोचण्याचा सराव केला आणि मग दोघी गावी परतल्या. पुढे सिरिंजा संपल्या, तेव्हा मामाने शहरातून नवे पाकीट पाठविले. आई पूर्वीप्रमाणेच रोज दहाच्या रेघेपर्यंत औषध भरीत राहिली. तरीही मुलीची तहान वाढली, लघवी वाढली आणि चौथ्या दिवशी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. औषध तेच, हात तोच, आकडाही तोच. मग चुकले कोठे?

चुकले ते सिरिंजेत. पूर्वीच्या सिरिंजेचे टोपण लाल होते, नव्या सिरिंजेचे नारिंगी.

आपल्या देशात इन्शुलिनच्या बाटल्या दोन शक्तींच्या मिळतात. एका प्रकारात दर मिलिलिटरला ४० युनिट औषध असते, दुसऱ्यात १००. औषध भरण्याच्या सिरिंजाही तशाच दोन प्रकारच्या असतात. ४० च्या बाटलीची सिरिंज लाल टोपणाची आणि १०० च्या बाटलीची नारिंगी टोपणाची. सिरिंजेवरही हा आकडा छापलेला असतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजेवरचा आकडा एकच असेल, तरच सिरिंजेवरील रेघा खरे युनिट दाखवितात.

हिशेब पाहू. नारिंगी सिरिंजेवर दहाची रेघ म्हणजे एक मिलिलिटरचा दहावा भाग. ४० च्या बाटलीतून एवढे औषध घेतले, तर ४० भागिले १० म्हणजे ४ युनिटच शरीरात जातात. मुलीला १० युनिट हवे असता तिला ४ मिळाले. तिची साखर वाढली ती यामुळे.

याउलट चूक अधिक भयंकर. लाल सिरिंजेवर दहाची रेघ म्हणजे पाव मिलिलिटर. १०० च्या बाटलीतून तेवढे घेतले, तर २५ युनिट जातात. हवे त्याच्या अडीच पट औषध गेल्यामुळे साखर एकाएकी उतरून मूल बेशुद्ध पडू शकते.

सारांश, भरण्यापूर्वी दोन्ही आकडे मोठ्याने वाचावेत : ‘बाटली चाळीस, सिरिंज चाळीस.’ दुकानातून पाकीट आणले की ते उघडण्यापूर्वीच हा मेळ पाहावा. मेळ बसत नसेल, तर हिशेब करून चुकीची सिरिंज वापरण्याचा मोह धरू नये. ती बदलूनच आणावी. वरील गणित चूक ओळखण्यासाठी आहे, चूक चालवून घेण्यासाठी नाही. इन्शुलिनच्या पेनात बसणाऱ्या नळीतील औषध सामान्यतः १०० च्या शक्तीचे असते. त्या नळीत सिरिंज खुपसून औषध कधीही काढू नये.

ज्या घरी इंग्रजी अक्षरे व आकडे वाचता येत नाहीत, त्या घराला शिक्षकाचे साहाय्य येथेच हवे असते. बाटलीच्या खोक्यावर व सिरिंजेच्या पाकिटावर ठळक देवनागरी अंकांत ‘४०’ लिहून द्यावे. काम क्षणाचे आहे, पण त्याचा उपयोग रोज होतो.

३. बाटलीची निगा

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अथवा दारात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळले तरी निकामीच समजावे. वापरात असलेली बाटली साधारणपणे चार आठवडे थंड जागी बाहेर ठेवता येते. मुदतीबाबत खोक्यातील सूचनापत्र प्रमाण मानावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहावी.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. ज्या घरी फ्रिज नाही अथवा वीज वरचेवर जाते, तेथे मातीच्या मडक्याचा उपयोग होतो. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी आणि ती सतत ओली ठेवावी. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आतल्या कोरड्या मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके झाकावे. पाणी आटताना उष्णता शोषली जाते व आतील हवा गार राहते. आपल्या माठाचेच हे तत्त्व आहे. मडके सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी ठेवावे. पत्र्याखालचे फडताळ, चुलीजवळचा कोनाडा, खिडकीतील ऊन, उभ्या गाडीची पेटी या जागा वर्ज्य होत. एस.टी.ने शहरातून औषध आणताना ते थंड पाण्याने ओलावलेल्या फडक्यात, पिशवीत बांधून आणावे. बर्फ वापरावाच लागला तर बाटली त्याला प्रत्यक्ष टेकू देऊ नये.

४. भरणे व टोचणे

पुढील कृती रुग्णालयात प्रत्यक्ष शिकून घ्यावयाची आहे. येथे दिलेला क्रम उजळणीसाठी आहे.

(१) हात साबणाने धुऊन कोरडे करावेत.

(२) बाटलीवरील औषधाचे नाव, शक्तीचा आकडा व मुदतीची तारीख पाहावी. काही इन्शुलिने पाण्यासारखी नितळ असतात. ती गढूळ दिसली तर टाकून द्यावीत. काही मुळातच दुधाळ असतात. त्यांत गुठळ्या दिसल्या अथवा कण काचेला चिकटलेले आढळले, तर ती वापरू नयेत.

(३) दुधाळ इन्शुलिन असल्यास बाटली दोन्ही तळहातांमध्ये आडवी धरून वीस वेळा हळुवार फिरवावी. ती हिसडून हलवू नये. त्याने फेस होतो व माप चुकते.

(४) बाटलीचे रबरी बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्यावे.

(५) जितके युनिट घ्यावयाचे, तितकी हवा सिरिंजेत ओढून बाटलीत सोडावी. मग बाटली उलटी धरून औषध ओढावे. बुडबुडे दिसल्यास सिरिंजेवर बोटाने टिचकी मारून ते वर आणावेत, बाटलीत परत सोडावेत आणि माप पुन्हा पुरे करावे.

(६) रेघ डोळ्यांच्या समोर आणून वाचावी. घरात दुसरे कोणी जाणते असेल, तर त्यालाही वाचावयास सांगावे.

(७) टोचण्याच्या जागा चार : बेंबीभोवती दोन बोटे सोडून पोट, मांडीची पुढची व बाहेरची बाजू, दंडाची मागची बाहेरची बाजू आणि कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग. जागा स्वच्छ असावी. स्पिरिट लावल्यास ते वाळल्यावरच टोचावे.

(८) अंगठा व तर्जनी यांनी कातडीची हलकी चिमट धरावी, म्हणजे औषध स्नायूत न जाता कातडीखालील चरबीत जाते. सुई सरळ धरावी की तिरपी, हे सुईच्या लांबीवर व मुलाच्या अंगलटीवर अवलंबून असते. रुग्णालयात दाखविले असेल तसे करावे. कृश मुलाला बहुधा ४५ अंशांत टोचावयास सांगतात. येथे कोनमापकाची आठवण द्यावी. आईला कोन लगेच उमगतो.

(९) दट्ट्या सावकाश पूर्ण दाबावा, दहापर्यंत आकडे मोजावेत, सुई सरळ बाहेर काढावी आणि मग चिमट सोडावी. जागा चोळू नये.

(१०) मात्रा, वेळ व जागा वहीत तत्काळ लिहावी. आई टोचून गेली आणि नंतर आजीने पुन्हा टोचले, असा अपघात ही वही टाळते.

एकाच ठिकाणी नित्य टोचल्यास तेथे चरबीची गाठ होते. अशा गाठीत टोचलेले कमी दुखते, म्हणून मूल तीच जागा पुढे करते. पण तेथून औषध कधी उशिरा, कधी कमी शोषले जाते. म्हणून प्रत्येक वेळी मागील जागेपासून निदान एक बोट अंतर सोडावे. खेळाच्या तासापूर्वी मांडीत टोचणे टाळावे, कारण धावण्याने तेथील औषध लवकर शोषले जाते.

दोन प्रकारची इन्शुलिने एका सिरिंजेत घेण्यास डॉक्टरांनी शिकविले असेल, तर नितळ आधी व दुधाळ नंतर, असा क्रम असतो. शिकविले नसेल, तर मिसळू नये. काही नितळ इन्शुलिने दुसऱ्या कशातही मिसळावयाची नसतात.

एका माणसाची सुई, सिरिंज अथवा पेन दुसऱ्याने कदापि वापरू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. सुई दर वेळी नवी घ्यावी. वापरलेली सुई झाकणाच्या जाड पत्र्याच्या अथवा टणक प्लॅस्टिकच्या डब्यात तत्क्षणी टाकावी. डबा पाऊण भरला की झाकण पक्के बसवून तो प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून द्यावा. उकिरड्यावर अथवा घंटागाडीत सुटी सुई टाकणे म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हातात ती टोचणेच होय.

५. आधी भाकरी, मग सुई

जेवणाआधी घ्यावयाच्या इन्शुलिनची वेळ प्रकारानुसार ठरते. काही प्रकार जेवणापूर्वी अर्धा तास, तर काही अगदी ताटावर बसताना द्यावयाचे असतात. परंतु एक नियम सर्वत्र लागू आहे : अन्न तयार आहे अशी खात्री झाल्याशिवाय हे इन्शुलिन टोचू नये. टोचून जेवण लांबले, की रक्तातील साखर उतरते.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली म्हणजे धोका सुरू झाला. मुलाला दरदरून घाम येतो, हात कापतात, भूक लागते, छाती धडधडते. ते चिडचिडे होते, अक्षर एकाएकी वेडेवाकडे येते, विचारलेले त्याला कळत नाही. शिक्षकाला हे उद्धटपणासारखे अथवा आळसासारखे वाटण्याचा संभव असतो. अशा वेळी मुलाला एकटे घरी पाठवू नये, की पाणी आणावयास उठवू नये. बसल्या जागी तीन चहाचे चमचे साखर अथवा ग्लुकोज पाण्यात कालवून पाजावे. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही, तर पुन्हा तेवढेच द्यावे. बरे वाटल्यावर भाकरी, पोळी, दूध असे काही खावयास द्यावे व घरी कळवावे. मोजण्याचे यंत्र जवळ नसेल, तर शंका हेच पुरेसे कारण मानून साखर द्यावी. चमचाभर साखर जास्त झाली तर नुकसान थोडे. वेळ गेला तर मोठे.

मूल बेशुद्ध असेल अथवा त्याला झटके येत असतील, तर तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. मुलाला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी गोष्ट आजारपणाची व उपासाची. ताप आला अथवा जेवण गेले नाही म्हणून पालक आपणहून इन्शुलिन पूर्ण बंद करतात. हे घातक आहे. आजारात शरीराची इन्शुलिनची गरज अनेकदा वाढते. मात्रा किती असावी हे डॉक्टरांना विचारावे. परंतु विचारल्याखेरीज ती बंद करू नये. एखाद्या मुळीच्या वा काढ्याच्या भरवशावर सुई सोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याचा परिणाम जिवावर बेततो, हे शिक्षकाने सौम्य पण स्पष्ट शब्दांत सांगावे.

६. शाळेतील व्यवस्था

(अ) वर्गाच्या कपाटात साखरेची अथवा ग्लुकोजची बंद डबी ठेवावी. ती कोठे आहे हे सर्व शिक्षकांना व मुलाच्या शेजारी बसणाऱ्या सोबत्याला ठाऊक असावे.

(आ) शालेय पोषण आहारास एखाद्या दिवशी उशीर होणार असेल, तर या मुलाला वेळेवर काही खावयास द्यावे. पंगतीची वाट पाहावयास लावू नये.

(इ) पाणी, लघवी, खाणे, साखर तपासणे यांसाठी त्याला रजा मागावी लागू नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात खाद्यपदार्थ नेण्यास अनुमती दिली. घटक चाचणीच्या वेळी आपणही तोच विवेक ठेवावा.

(ई) खेळ, कवायत, सहल यांतून मुलाला वगळू नये. खेळापूर्वी थोडे खाणे व जवळ साखर, एवढी व्यवस्था पुरे.

(उ) दुपारची सुई शाळेत घ्यावयाची असल्यास स्वच्छ, आडोशाची जागा द्यावी. मूल स्वतः टोचत असेल, तर शिक्षकाने मापाची रेघ पाहावी. पालकांची लेखी संमती व डॉक्टरांची लेखी सूचना दप्तरी ठेवावी.

(ऊ) पालकांचे व आरोग्य केंद्राचे दूरध्वनी क्रमांक हजेरीपटात लिहून ठेवावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येईल, तेव्हा अशा मुलाची माहिती त्यांना आवर्जून द्यावी. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपल्या परिचयाची ‘घाटी’ आहे. तसेच बालमधुमेहींसाठी काम करणारी ‘उडान’ ही संस्थाही आहे. पालकांना त्यांची माहिती द्यावी.

या मुलीला पुढे कसे होणार, या चिंतेने काही पालक तिची शाळाच थांबवितात. त्यांना सांगावे, की नियमाने सुई घेणारे मूल इतरांसारखेच शिकते, खेळते व मोठे होते. मुलगी शिकली तर स्वतःची मात्रा स्वतः वाचील. तिला घरी बसविणे म्हणजे तिचे औषध कायमचे दुसऱ्याच्या हाती ठेवणे होय.

७. वर्गात घ्यावयाची उदाहरणे

इयत्ता सहावी व सातवीच्या गणितात पुढील उदाहरणे घालता येतील. मधुमेही मूल वर्गात असल्यास त्याच्याकडे बोट दाखवून ती घेऊ नयेत.

(१) १०० च्या बाटलीतील औषध ४० च्या सिरिंजेत आठाच्या रेघेपर्यंत भरले. प्रत्यक्षात किती युनिट आले? (उत्तर : २०)

(२) ४० च्या बाटलीतील औषध १०० च्या सिरिंजेत विसाच्या रेघेपर्यंत भरले. किती युनिट आले? (उत्तर : ८)

(३) ४० शक्तीच्या १० मिलिलिटर बाटलीत एकूण युनिट किती? रोज १० युनिट लागत असतील आणि उघडलेली बाटली २८ दिवसांनी टाकून द्यावयाची असेल, तर किती औषध उरेल? (उत्तर : ४०० युनिट, १२० युनिट, म्हणजे ३ मिलिलिटर. महाग औषध वाया जाते म्हणून पालक ते पुढेही वापरतात. तसे का करू नये, यावर चर्चा घ्यावी.)

उपक्रम : १४ नोव्हेंबर हा आपला बालदिन. तोच बँटिंग यांचा जन्मदिवस असल्याने जागतिक मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी मुलांकडून दोन मडक्यांचे शीतपात्र करून घ्यावे, आतील व बाहेरील तापमान दिवसातून तीनदा मोजून फळ्यावर लिहावे, आणि साखर उतरल्याची लक्षणे व त्यावरील उपाय यांचे संवादरूपाने सादरीकरण बसवावे.

शेवटी, ज्या शिक्षकाच्या शाळेत असे मूल आहे, त्याने या आठवड्यात एकदा त्याच्या घरी जावे, बाटली व सिरिंज शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवरील आकडे वाचावेत, आणि मुलाच्या आईकडूनही ते वाचून घ्यावेत.